घरचा फोन इंटरनेटवर: बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे अनुभव

तांब्याच्या तारेवरचा फोन बंद पडला तरी घरातल्या वडीलधाऱ्यांना उचलून बोलायचा फोन हवाच असतो. तो कमी खर्चात कसा चालू ठेवता येतो, कुठं अडतं आणि कशानं सुटतं, ते नेमकं लिहा.

टिळकवाडी, बेळगाव

आधी घरातल्या फायबरच्या डब्याची मागची बाजू बघा. 'टेल' किंवा 'पॉट्स' लिहिलेलं लहान भोक असेल, तर वेगळं यंत्र घ्यायची गरज नाही. बीएसएनएल, जिओ, एअरटेल तिघांच्याही फायबरवर लँडलाइनचा नंबर मिळतो, बहुतेक प्लॅनमध्ये देशातले कॉल त्यातच. फक्त व्हॉइस चालू करून मागावं लागतं. प्लॅनच्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी धरा.

साधा बटणांचा फोन चालतो, खालचा स्विच 'टोन'वर हवा. तबकडीच्या फोनवर घंटी वाजते, पण नंबर बहुधा लागत नाही, कारण तो टोनऐवजी पल्स, म्हणजे तुटक ठोके पाठवतो.

घरभर जुनी वायर असेल तर ती वापरा. पण बाहेरून आलेली तांब्याची जोडी आधी सोडवा, मगच डब्यातली वायर जोडा. जुन्या लाइनीवर एक्स्चेंजचे ४८ व्होल्ट असतात, घंटीच्या वेळी त्याहून जास्त. त्यानं डब्याचं पोर्ट जळू शकतं.

आणि मोबाईल नंबराआधी ० लावा. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून तो सक्तीचा आहे. 'फोन लागत नाही' म्हणणाऱ्यांनी आधी एवढंच तपासावं.

निपाणी

टिळकवाडीच्या काकांनी करंटचं लिहिलं नाही, खरी अडचण तिथंच हाय. जुन्या फोनला वीज एक्स्चेंजातनं यायची. आता करंट गेला की फोन गेला. घरी इन्व्हर्टर असंल तर डब्याचा प्लग त्या लाइनीवर घ्या. नसंल तर राउटरचा छोटा यूपीएस. घेताना अडॅप्टरवरचे आकडे वाचा: बहुतेक १२ व्होल्टचे असतात, अँपिअर मात्र वेगवेगळे. यूपीएसचे अँपिअर तेवढे किंवा जास्त पाहिजेत, व्होल्ट तेवढेच. डबा ८ वॅट खात असंल तर ३० वॅट-तासाची बॅटरी तीन तासांच्या आसपास चालतंय.

तरी करंट गेल्यावर फोन मेला, तर दोष बहुधा घरात नाही. वाटेतल्या स्प्लिटरला (एक फायबर अनेक घरांना वाटणारी डबी) वीज लागत नाही, पण पलीकडच्या टोकाच्या यंत्राला लागते. कनेक्शन घ्यायच्या आधी केबलवाल्याला विचारा, तिथं बॅटरी किती तास चालते.

जांबोटी, ता. खानापूर

रानात मोबाईलची रेंज नसते, पण फायबर आलं असेल तर वाय-फाय कॉलिंग पुरतं. मोबाईलच्या सेटिंगमध्ये ते चालू करायचं. नंबर तोच, समोरच्याला कुठलंही अ‍ॅप लागत नाही, वेगळे पैसे नाहीत. सिमचा रिचार्ज मात्र चालू हवा.

जांभ्याच्या जाड भिंतीत ५ गिगाहर्ट्‌झचं वाय-फाय अडतं. २.४ वर ठेवा आणि राउटर माजघरात आणा. फायबर वळवताना अंगठ्याएवढा घट्ट वेटोळा नको. लाल 'लॉस' दिवा लागला तर आधी ते वळण सैल करा. सुटलेल्या टोकात डोळा घालून बघू नका.

शहापूर, बेळगाव

गावातलं घर आणि मळ्यातलं घर, एवढंच जोडायचं असेल तर सिप (इंटरनेटवरून फोन जोडायची पद्धत) हा फुकटचा मार्ग. दोन्हीकडे लिनफोन अ‍ॅप, किंवा साधा फोन हवा असेल तर तो इंटरनेटला जोडणारी एटीए डबी. डबीवर फोनसाठी 'एफएक्सएस' पोर्ट बघा. 'एफएक्सओ' बाहेरच्या लाइनीचं असतं, चूक तिथं होते.

जी.७११ कोडेकला (आवाज आकड्यांत बदलायची पद्धत) प्रत्येक दिशेला सेकंदाला सुमारे ९० किलोबिट लागतात, म्हणजे दोन्ही मिळून मिनिटाला दीड एमबीच्या आत. तेव्हा वेग वाढवून काही होत नाही. आवाज तुटतो तो बहुधा पॅकेट (आवाजाचे छोटे तुकडे) मागेपुढे आल्यानं.

एकाच बाजूचा आवाज येतो? राउटरमधलं 'सिप एएलजी' (सिप कॉलमध्ये राउटर करतो ती फेरफार) बंद करा. थोड्या वेळानं येणारे कॉल थांबतात? अ‍ॅप किंवा डबीतलं 'कीप-अलाइव्ह' (जोडणी चालू ठेवणारा इशारा) २० ते ३० सेकंदांवर ठेवा.

स्वस्त कॉलसाठी सिमकार्डं लावून चालवलेल्या गेटवेच्या वाटेला जाऊ नका. ते बेकायदा आहे, आणि सिम ज्याच्या नावावर तोही अडकतो.

चिकोडी

एक राहिलं. लँडलाइनचा नंबर मोबाईलसारखा दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. जुना नंबर पै-पाहुण्यांकडं, बँकेत, गॅसच्या पुस्तकावर असेल, तर त्याच कंपनीचं फायबर घ्या, 'नंबर तोच ठेवा' असं अर्जात लिहा, आणि नव्या डब्यावर तो वाजल्याशिवाय जुनी लाइन बंद करायच्या कागदावर सही करू नका.