माजी सैनिक वडिलांविषयी लिहिताना

एकाने विचारलंय, सैन्यातून निवृत्त झालेल्या वडिलांवर श्रद्धांजलीचं लिहायचं तर सुरुवात कुठून करावी. आधी सेवेचे आणि निवृत्तीचे कागद काढा. हुद्दा, पलटण, वर्षं आठवणीवर विसंबून लिहू नका. घरात ‘आघाडीवर होते’ असं ऐकलेलं असतं आणि कागदावर नेमणूक वाहनदुरुस्तीच्या तुकडीत निघते. त्यात कमीपणा मुळीच नाही. ते काम काय होतं तेच नीट लिहा.

पदकांच्या कडा भिंगातून बघा. अनेक पदकांवर सैनिक क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. पॉलिशने घासू नका, अक्षरं झिजतात. तिथला हुद्दा शेवटचाच असेल असं नाही, घोळ बहुधा इथेच होतो.

घरातला माणूस उभा करायचा तर आईला आणि भावंडांना वेगवेगळं विचारा; एकत्र बसले की सगळे एकच किस्सा सांगतात. ‘प्रेमळ होते’ एवढ्याने काही दिसत नाही. रजेवर आल्यावर आधी काय करायचे, पत्रात कुणाची चौकशी करायचे, ते लिहा.

वाचून दाखवणार असाल तर पाच मिनिटांना ५०० ते ६०० शब्द पुरतात. पूर्ण जन्मतारीख आणि सैनिक क्रमांक जाहीर मजकुरात देऊ नका, गैरवापर होऊ शकतो.