चांदोरकर घराण्याचे मूळ गाव: आधी डीएनए चाचणी करावी की कागद शोधावेत?

पंचवटीची लेक

नमस्कार. माझे माहेरचे आडनाव चांदोरकर. आमचे मूळ गाव निफाड तालुक्यातील चांदोरी, तेथील कुलकर्ण (गावाचे हिशेब ठेवण्याचे वंशपरंपरागत वतन) आमच्या घराकडे होते आणि पंचवटीत येऊन राहिल्यावर लोक आम्हाला गावाच्या नावाने ओळखू लागले, असे घरातील वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. याला लेखी आधार मात्र आमच्याकडे नाही. अलीकडे एका लग्नकार्यात जळगावच्या चांदोरकरांशी ओळख झाली. त्यांचे गोत्र आमचेच, कुलदैवत सप्तशृंगी तेही आमचेच, आणि त्यांच्या वंशावळीत सर्वांत वर असलेले त्र्यंबक हे नाव आमच्याही वंशावळीत आहे. परंतु ते स्वतःला चांदवडचे मानतात, कारण चांदवडचा उल्लेख जुन्या कागदांत चांदोर असा येतो. दोन्ही घराणी एकच असावीत असे त्यांना वाटते आणि डीएनए चाचणी करून एकदाचा निकाल लावू, असा त्यांचा आग्रह आहे.

माझे वडील हयात नाहीत आणि मला भाऊ नाही. धाकटे काका आहेत, त्यांचे वय ८२ आहे. चाचणी मी दिली तर चालेल काय? आणि नाशिकमध्येच राहून कोणते कागद पाहता येतील? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मोडीवाचक

ताई, आपण एकाच वाक्यात दोन प्रश्न विचारले आहेत आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत. दोन घराणी एका पुरुषापासून निघाली काय, हा पहिला. मूळ गाव चांदोरी की चांदवड, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर कोणतीही प्रयोगशाळा देऊ शकत नाही, ते कागदातच शोधावे लागेल.

सुरुवात रामकुंडावरून करावी. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या पिढीजात नामावळी आहेत आणि यजमान गावानुसार व समाजानुसार वाटलेले असतात. म्हणून तेथे जाऊन 'चांदोरकर कोणाकडे' असे विचारू नये. 'चांदोरीचे यजमान कोणाकडे' असे विचारावे, आणि मग स्वतंत्रपणे 'चांदवडचे कोणाकडे' असे विचारावे. आपल्या पणजोबांचे नाव चांदोरीच्या वहीत निघाले आणि जळगावकरांच्या पूर्वजांचे चांदवडच्या वहीत, तर तोच एक मोठा पुरावा होईल. जाताना काका, आजोबा, पणजोबा, त्यांचे भाऊ आणि घरात आलेल्या सुनांची सासरची नावे लिहून न्यावीत. एकट्या नावावर काही ठरत नाही. भावांचा संच जुळला की नोंद आपली. त्र्यंबक या नावावर तर मुळीच विसंबू नये. त्र्यंबकेश्वराच्या जिल्ह्यात हे नाव नसलेले जुने घर शोधावे लागेल.

अशा नोंदीत साधारणपणे आलेल्या माणसाचे नाव, बापाचे, आजाचे, भाऊ, मुलगे, गाव, गोत्र आणि येण्याचे कारण (अस्थी, श्राद्ध, सिंहस्थ) असते, आणि पुष्कळदा ती यजमानाने स्वहस्ते लिहिलेली असते. जुने लेख मोडीत आहेत. आपण आडनाव शोधत राहाल आणि ते सापडणार नाही, ही येथली खरी अडचण आहे. कारण जुन्या लेखांत माणूस बहुधा 'अमुक बिन (म्हणजे मुलगा) तमुक, कुलकर्णी मौजे चांदोरी' असाच येतो, आणि 'चांदोरकर' हे त्याचे गाव सोडल्यानंतरचे रूप असते. गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोण हाक मारणार?

तारखांकडेही लक्ष द्यावे. शके असेल तर ७८ मिळवले की इसवी सन येतो. परंतु पेशवाईतील सरकारी कागदांवर सुहूर सन असतो आणि तो अरबी शब्दांत लिहिलेला असतो. 'इसन्ने सबैन मया व अलफ' म्हणजे ११७२, अर्थात इसवी सन १७७१-७२. हे वर्ष मृग नक्षत्रापासून, म्हणजे जूनच्या सुरुवातीस, सुरू होते, त्यामुळे महिना न पाहता सन लावला तर एका वर्षाची चूक होते.

सरकारी कागदांत सर्वप्रथम गाव नमुना १४, म्हणजे गावचे जन्म-मृत्यूचे रजिस्टर पाहावे. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ पासून अशा पुष्कळ जुन्या कागदांचे स्कॅन करून ते जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवण्यात आले, त्याचा लाभ आता सर्वांनाच होतो. तेथेही आडनावे अनेकदा नाहीत. बापाचे नाव आणि जात यांवरून माग काढावा लागतो. त्याखेरीज शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर आणि जमिनीचे फेरफार आहेतच. नाशिक हा स्वतंत्र जिल्हा १८६९ मध्ये झाला, त्यामुळे त्याआधीचे कागद नगर वा खानदेश या नावांखाली असू शकतात. कुलकर्ण खरोखरच आपल्याकडे असेल, तर पुण्याच्या पुराभिलेखागारात वतनाच्या चौकशीचे कागद मिळण्याची शक्यता आहे. चांदवड मात्र होळकरांकडे होते आणि १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेले; जळगावकरांनी केवळ पेशवे दफ्तर चाळून काही नाही म्हणून हात टेकू नयेत.

एक व्यावहारिक सूचना: सिंहस्थाची गर्दी सुरू झाल्यावर गुरुजींना वह्या काढून बसायला सवड मिळणार नाही. त्याआधी जाऊन यावे.

गुणसूत्र

मी जीवशास्त्र शिकवतो, म्हणून चाचणीपुरते लिहितो.

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते, मुलीकडे येत नाही. त्यामुळे आपली स्वतःची चाचणी या प्रश्नासाठी उपयोगाची नाही. काकांची हवी, आणि समोरूनही त्या घराण्यातील पुरुषाचीच हवी. आपल्या नमुन्यावर जी सर्वसाधारण चाचणी होते, तिच्यात आई-वडिलांकडून निम्मा-निम्मा आलेला अंश पाहिला जातो. पणजोबांचा वाटा त्यात सरासरी साडेबारा टक्के उरतो. चौथ्या पिढीतील चुलत भावंडांपर्यंत पोहोचल्यावर तर जवळपास निम्म्या जोड्यांत जुळणारा तुकडाच सापडत नाही. शिवाय शेकडो वर्षे जातीतल्या जातीत लग्ने झालेल्या समाजात दूरचे लोकही जवळचे नातलग असल्यासारखे दिसतात. हा निकाल पाहून पुष्कळांची फसगत होते.

काकांची वाय चाचणी घेतलीत तर ३७ किंवा त्याहून अधिक खुणा (मार्कर) तपासणारी घ्यावी. दोन्ही पुरुषांच्या खुणा स्पष्टपणे वेगळ्या आल्या, तर गेल्या काही शतकांत त्यांचा पितृवंश एक नाही, हे खात्रीने म्हणता येते. जुळल्या तर मात्र इतकेच म्हणता येते की समान पूर्वज असावा. तो सहा पिढ्यांपूर्वीचा की बारा, हे शक्यतेच्या भाषेतच मिळते. नकार पक्का असतो, होकार सैल असतो. निव्वळ प्राचीन वंशगट (हॅप्लोग्रुप) सांगणाऱ्या स्वस्त चाचणीवर पैसे घालवू नयेत. 'आर१ए' गट आला म्हणून काही सिद्ध होत नाही, कारण तो भारतातील अनेक जातींत आहे आणि पूर्व युरोपातही आहे.

इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठात टुरी किंग आणि मार्क जॉब्लिंग यांनी ४० आडनावांच्या सुमारे १,७०० पुरुषांची वाय गुणसूत्रे तपासली होती. तो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. दुर्मिळ आडनावाच्या पुरुषांत मोठा भाग एकाच वंशाचा निघाला, तर 'स्मिथ'सारख्या सर्वसामान्य आडनावात तसे काहीच आढळले नाही. आपले 'कुलकर्णी' किंवा 'पाटील' हे या दृष्टीने स्मिथच होत. 'चांदोरकर' दुर्मिळ आहे खरे, परंतु तिकडे आडनाव कित्येक शतके बापाकडून मुलाकडे चालत आले आहे. आपल्याकडे गाव सोडून आलेल्या कोणत्याही घराला ते चिकटू शकते, मग त्यांचे एकमेकांशी रक्ताचे नाते असो वा नसो. त्यामुळे तो निष्कर्ष येथे जसाच्या तसा लागू करता येणार नाही. गोत्राचेही तेच, एका गोत्राची असंख्य घराणी आहेत.

पंचवटीची लेक

दोघांचेही मनापासून आभार. काकांशी बोलले, तेव्हा त्यांनी एक नवीनच गोष्ट सांगितली: माझे पणजोबा दत्तक आलेले होते. कोठून, हे त्यांना ठाऊक नाही. मग आता चाचणीला काही अर्थ उरतो काय?

गुणसूत्र

अर्थ उरतो, परंतु प्रश्न बदलतो. दत्तक भाऊबंदांतला असेल, म्हणजे पुतण्या किंवा चुलतभावाचा मुलगा, तर वाय तेच राहते. मुलीचा किंवा बहिणीचा मुलगा घेतला असेल, तर काकांचे वाय हे चांदोरकरांचे नाहीच. अशा वेळी जळगावकरांशी ते जुळले नाही, तरी घराणी वेगळी असे म्हणता येणार नाही. म्हणून दत्तकाचा उलगडा होईपर्यंत चाचणीचा निकाल कोणत्याही बाजूने वाचता येणार नाही.

मोडीवाचक

दत्तक ही शोधाच्या दृष्टीने चांगली बातमी आहे, कारण दत्तकाने कागद निर्माण होतात. घरात, देवघराच्या पेटीत, जुन्या खतपत्रांत दत्तकपत्र आहे काय ते पाहावे. जमीन असेल तर फेरफारात दत्तकाचा उल्लेख येतो. वतनदार घरात तर दत्तकाला सरकारची मान्यता लागे आणि त्यासाठी नजर (नजराणा) भरावी लागे, त्यामुळे वतनाच्या कागदांत जनक पित्याचे नाव येण्याचा संभव मोठा आहे. कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने संपली, त्या वेळच्या कागदांतही शेवटच्या वतनदारांची नावे असतात. तीर्थोपाध्यायांच्या वहीत 'दत्तक' असा शब्द स्पष्ट लिहिलेला मी अनेकदा वाचला आहे. पणजोबांच्या नावाजवळ तो आहे काय, हे आवर्जून पाहा.

सिन्नरचा वकील

वरील चर्चेत एक मुद्दा राहिला. नमुना काकांचा आहे, म्हणून निर्णयही त्यांचा असावा. निकालात 'आपण या वंशाचे नाही' असे निघू शकते, हे त्यांना आधी समजावून सांगावे. ८२ व्या वर्षी ते ऐकण्याची त्यांची इच्छा नसेल, तर तेथेच थांबावे. संमती लेखी घ्यावी, आणि निकाल जळगावकरांना दाखवायचा की नाही हेही त्यातच लिहावे. परदेशी कंपनीला नमुना पाठवण्याआधी तिच्या अटी वाचाव्यात. '२३अँडमी' या मोठ्या अमेरिकी कंपनीतून २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती बाहेर गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा आपल्या माहितीचे पुढे काय होणार, हा प्रश्न ग्राहकांपुढे उभा राहिला.

काकांची तयारी असेल, तर नमुना आताच घेऊन ठेवण्यास हरकत नाही. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली की काम होते, त्यांना कोठे जावे लागत नाही. तपासणी मात्र दत्तकाचा कागद हाती आल्यावर करावी.

पंचवटीची लेक

काका तयार आहेत, परंतु निकाल आधी त्यांनाच सांगायचा, ही त्यांची अट आहे आणि मला ती मान्य आहे. येत्या सोमवारी रामकुंडावर चांदोरीच्या यजमानांची चौकशी करणार आहे. जळगावकरांनाही चांदवडच्या वहीचे कळवले आहे. मोडी लेख निघाल्यास, गुरुजींची परवानगी घेऊन त्याचे छायाचित्र येथे टाकीन. मोडीवाचक यांनी कृपया तो वाचून द्यावा.

मोडीवाचक

अवश्य. छायाचित्र काढताना केवळ आपल्या नावाची ओळ घेऊ नये, संपूर्ण पान घ्यावे, आणि शक्य झाल्यास मागचे-पुढचे पानही. सन बहुधा आधीच्या एखाद्या नोंदीवर लिहिलेला असतो आणि खालच्या नोंदींना तोच लागू धरतात.