अ‍ॅसिंक्रोनसला मराठीत काय म्हणता? 'असमकालिक' सोडून सांगा

टीममध्ये नवीन आलेल्या दोघांना अ‍ॅसिंक प्रोग्रॅमिंग मराठीतून समजावत होतो आणि पहिल्याच शब्दाला गाडी अडली. 'असमकालिक' म्हटलं की समोरचा मान डोलावतो पण डोक्यात काही शिरत नाही. ग्रीक फोड बघितली तर अ म्हणजे नाही, सिन म्हणजे सोबत, क्रोनोस म्हणजे काळ, म्हणजे शब्द शब्दशः बरोबरच आहे हो, पण बरोबर असून उपयोग काय. त्यात एकाने विचारलं, सिंक म्हणजे फोनमधले फोटो दुसरीकडे जुळवून घेणं ना, मग अ‍ॅसिंक म्हणजे डेटा न जुळणं का? त्याची तरी काय चूक, 'सिंक कर' हे आपण सगळे रोज त्याच अर्थाने बोलतो. तुम्ही लोक काय शब्द वापरता?

—

मी सरळ 'एकाच वेळी अनेक कामं' सांगतो. पटतं सगळ्यांना.

—

पटतं पण चुकीचं पटतं ना! एकाच वेळी अनेक कामं म्हणजे पॅरलल, समांतर. जावास्क्रिप्टमध्ये आपला कोड एका थ्रेडवर (सूचना एकामागून एक पार पाडणारी एक रांग) चालतो, एका क्षणी एकच ओळ, तरी ती भाषा अ‍ॅसिंकसाठी सगळ्यात प्रसिद्ध. कारण इथे मुद्दा काम करण्याचा नाहीच, वाट बघण्याचा आहे. सर्व्हरकडे काहीतरी मागितलं, उत्तराला दोन सेकंद लागणार, प्रोसेसरच्या हिशेबात दोन सेकंद म्हणजे युगं, तेवढ्यात तो ताटकळत उभा राहणार की हातासरशी दुसरं काही उरकणार, एवढाच प्रश्न. म्हणून मी म्हणतो 'काळ' काढूनच टाका. आपल्याकडे खणखणीत क्रियापद आहे, खोळंबणे. वाहतूक खोळंबते, कामं खोळंबतात, तसाच थ्रेड खोळंबतो. अ‍ॅसिंक म्हणजे बिनखोळंब्याचं. परिभाषेच्या लोकांना हा शब्द गावठी वाटेल, वाटू दे.

—

खोळंबा आवडला, पण तो ब्लॉकिंगला, म्हणजे थ्रेड अडवून धरण्याला द्या. ब्लॉकिंग आणि सिंक्रोनस अगदी एकच नाहीत, एवढी नोंद करून गप्प बसतो.

—

मान्य. पण खरी गोची 'अवेट'ची आहे, म्हणजे 'याचं उत्तर आलं की मगच पुढची ओळ' असं फंक्शनला सांगणाऱ्या शब्दाची. सी शार्पमध्ये तो 2012 साली आला, पायथनमध्ये 2015, जावास्क्रिप्टच्या प्रमाणात 2017, आणि आल्यापासून सगळे मराठीत सांगतात 'अवेटवर कोड थांबतो'. आता गंमत बघा, मराठीत थांबणे दोन्हीकडे चालतं. 'गाडी थांबली' म्हणजे हालचाल बंद, आणि 'तू येईस्तोवर मी थांबतो' म्हणजे वाट बघतो, त्या वेळात मी बसून पेपर वाचेन नाहीतर आणखी काही करेन. ऐकणारा पहिला अर्थ घेतो आणि समजतो की सगळा प्रोग्रॅम ठप्प. थांबतं फक्त ते फंक्शन, थ्रेड मोकळा होतो आणि इव्हेंट लूप रांगेतलं पुढचं काम उचलतो. मी म्हणून ठरवून बोलतो, 'फंक्शन वाट बघतं, थ्रेड मोकळा'. थांबणे हा शब्दच वापरत नाही.

आणि अवेट विसरलं तर काय होतं तेही शब्दासकट सांगावं. माझ्याच हातून झालंय. परवानगी आहे का हे तपासणारं फंक्शन आधी साधं होतं, मग कोणीतरी (मीच) ते अ‍ॅसिंक केलं आणि जिथे बोलावलं होतं तिथे इफच्या कंसात अवेट लावायचं राहिलं. आता कंसात हो किंवा नाही यायच्याऐवजी प्रॉमिस (उत्तर नंतर मिळेल एवढी नुसती कबुली) आलं, आणि प्रॉमिस ही वस्तू जावास्क्रिप्टला कायम खरीच वाटते, त्यामुळे येईल त्याला दार उघडं. एरर एक नाही. कन्सोलवर छापून बघितलं तेव्हा दिसलं, प्रॉमिस, पेंडिंग.

—

त्या प्रॉमिसला मात्र 'वचन' म्हणू नका रे, एकवचन अनेकवचन आठवतं. 'आश्वासन' म्हणावं तर ते पाळलं जाणार नाही असाच वास येतो त्याला. माझं मत 'वायदा'. काही भाषांत हीच कल्पना फ्यूचर नावाने येते (फ्रीडमन आणि वाइज यांनी 1976 मध्ये प्रॉमिस म्हटलं, बेकर आणि ह्युइट यांनी 1977 मध्ये फ्यूचर), आणि आपल्याकडे वायदा म्हणजे कबुलीही आणि वायदेबाजारातला वायदा म्हणजे फ्यूचरही! एका शब्दात दोन्ही. शिवाय तिन्ही अवस्था बोलता येतात: वायदा बाकी आहे, पाळला, मोडला. वरच्या बगमध्ये तेच झालं बघा, पैसे हातात आले का न बघता वायद्यावरच माल सोडला.

आणि कॉलबॅकला (काम झाल्यावर बोलवायला आधीच देऊन ठेवलेलं फंक्शन) वेगळा शब्द कशाला, 'झालं की सांग' म्हणतात त्याला.

—

धागा काढणारा परत आलो. खोळंबा आणि वायदा दोन्ही वापरून पाहिले, दोघांना खरंच पटकन कळलं. सेटटाइमआउटला ('इतक्या वेळाने हे कर' सांगणारं फंक्शन) शून्य दिलं तरी आतलं काम लगेच का होत नाही हेही सांगून झालं: तिथे शून्य म्हणजे 'आत्ता' नाही, 'हातातलं संपलं की', आणि हातात लांबलचक लूप असेल तर बसा. मग एकाने कोड दाखवला, तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून माहिती आणायची, एकीचा दुसरीशी संबंध नाही, प्रत्येकीला साधारण दोन सेकंद, आणि तीन अवेट एकाखाली एक, एकूण सहा सेकंद. मी म्हटलं आधी तिन्ही वायदे घेऊन ठेव आणि प्रॉमिस डॉट ऑलने एकदाच वाट बघ, दोनाच्या आसपास येईल. आलं. तर तो म्हणतो, "म्हणजे आधी थ्रेड मोकळाच होता, खोळंबलो होतो तो मी."

आता या खोळंब्याला काय म्हणायचं ते सांगा.