मदत हवी आहे : दहावीत शाळा बदलली तर व्हर्सिटीला (शाळेच्या मुख्य संघातून) धावता येईल का? (कॅलिफोर्निया)

मुलगा सॅन रॅमोनला पब्लिक स्कूलमध्ये नववीत आहे. क्रॉस कंट्री आणि ट्रॅक, दोन्हीत व्हर्सिटीला धावतो. पुढच्या वर्षी कॉनकॉर्डच्या डे ला साल हायस्कूलला जायचं म्हणतोय. (हो, सलग १५१ अमेरिकन फुटबॉल सामने जिंकणारी तीच कॅथलिक शाळा. आमच्या काडीपैलवानाचा फुटबॉलशी काही संबंध नाही!)

घर बदलणार नाही, आणि गाडी तिथेच अडते. सीआयएफचे (कॅलिफोर्नियातल्या शालेय खेळांची संघटना) नियम वाचले. घर न बदलता पहिल्यांदा शाळा बदलली, तर गेल्या १२ महिन्यांत खेळलेल्या खेळात सीझनचा काही भाग व्हर्सिटीबाहेर बसावं लागतं. तोवर जेव्हीला (दुय्यम संघातून) धावता येतं. आठवीतून थेट तिकडे गेला असता तर प्रश्नच नव्हता. खेळासाठी फी माफ होत नाही हे माहीत आहे, थिऑलॉजीच्या तासालाही आमची हरकत नाही, त्यामुळे कृपया 'पब्लिकच बरं' हा सल्ला नको.

शाळेत विचारलं. आधी प्रवेश घ्या, मग कागद नॉर्थ कोस्ट सेक्शनकडे (सीआयएफचा इथला विभाग) जातील, निर्णय त्यांचा, असं सांगितलं.

त्याला उन्हाळ्यात तिथल्या कोचच्या रनिंग कॅम्पला जायचंय. कॅम्प सर्वांना खुला आहे, पैसे भरून. पण प्रवेशाआधी कोचशी संपर्क आला असेल तर तो फॉर्मवर लिहून द्यावा लागतो.

ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा : असा कॅम्प आड आला का? आणि बाहेर बसणं फक्त क्रॉस कंट्रीला लागलं, की वसंतातल्या ट्रॅकलाही पुन्हा?