झाकणं फिरवत बसते, बोलत नाही. घरी काय खेळू?

जुळेसोलापूर_आई:
मुलगी ३ वर्षं २ महिन्यांची आहे. अज्जी, बेड (कन्नडमध्ये नको), पापा आणि भू एवढे चार शब्द, तेही रोज नाहीत. दहा हाका मारल्या तर दोनदा बघते. डब्यांची झाकणं मात्र तासन्‌तास फिरवते. फरशीवर तीन-तीन झाकणं गरगरत असतात आणि ही पोटावर पडून, डोळा अगदी जवळ नेऊन बघत राहते. मध्ये कुणी हात घातला की आकांत.

जूनमध्ये प्लेस्कूलला घातलं होतं. आठवड्यातच "जरा बसायला-बोलायला लागली की आणा" म्हणून परत पाठवलं. फी परत दिली नाही, तो वेगळा विषय. तिथल्याच बाईंनी सांगितलं की घरात दोन भाषा आहेत म्हणून गोंधळ होतोय, कन्नड बंद करा. सासूबाई अक्कलकोटकडच्या. त्यांना मराठी कळतं, पण नातीशी मराठीत काय बोलावं ते सुचत नाही. आठ दिवस झाले, त्या गप्पच आहेत.

ऑनलाइन ४,२०० रुपयांचा सेन्सरी किट (स्पर्श, आवाज, रंगांची खेळणी) मागवला. ती खोक्यात जाऊन बसली, खेळणी तशीच पडलीत. डॉक्टरांची तारीख पुढच्या महिन्यातली आहे. तोवर काय खेळू? झाकणं लपवून ठेवू का?

विजापूररोड_मामा:
आधी कान तपासून घ्या. "कुल्फीवाल्याची घंटा वाजली की पळत येते, तिला ऐकू येतंय" असं म्हणाल, आम्हीही भाच्याबद्दल हेच म्हणायचो. त्याच्या कानाच्या पडद्यामागं पाणी साचलं होतं. स्कूटर, कुकर, फटाका सगळं ऐकू यायचं, साधं बोलणं मात्र पुसट. बेरा नावाची तपासणी असते. मूल झोपलेलं असताना करतात, दुखत नाही. बोलण्याची कुठलीही तक्रार घेऊन गेलात तरी डॉक्टर हे विचारणारच, तेव्हा तारखेच्या आधीच उरकून टाका.

निवांत_काका:
उगाच टेन्शन घेताय. आमचा धाकटा पावणेचारला बोलला, आता गप्प बसवावं लागतं. आजकाल नेटवर वाचून प्रत्येक मुलात काहीतरी काढतात.

साखरपेठ_अम्मा:
ताई, झाकणं लपवू नका. हात जोडून सांगते.

माझा मुलगा आता ९ वर्षांचा आहे. साडेतीनला ऑटिझम (स्वमग्नता) सांगितलं. तेव्हा घरामागं आमचे चार माग चालायचे. हा दिवसभर रिकाम्या कांड्या (मागावरच्या सुताच्या नळ्या) गोळा करायचा आणि भिंतीकडेनं ओळीनं मांडायचा, उंबऱ्यापासून मोरीपर्यंत. मी त्या पोत्यात भरून माळ्यावर टाकल्या आणि रंगीत ठोकळे आणून ठेवले. ठोकळ्यांना त्यानं हात लावला नाही, चार दिवस माळ्याकडं बघत बसला. थेरपीच्या मॅडम म्हणाल्या, कांड्या खाली काढा आणि तुम्हीच ओळ मांडायला बसा.

बसले. त्याच्या ओळीशेजारी माझी ओळ. काही बोलायचं नाही, हेच लई अवघड गेलं. आपल्या तोंडाला सवय, "हा कुठला कलर? सांग की, सांग की." पाच-सहा दिवसांनी पोतं मी माझ्याकडं घेतलं. कांडी हवी झाली की यायचा. मी कांडी हातात धरून थांबायची, मनात दहा आकडे मोजायची. आधी नुसता हात ओढायचा, मग कांडीकडं बघायला लागला, मग एकदा माझ्या तोंडाकडं. तोंडाकडं बघितलं की लगेच द्यायची, ताणायचं नाही. "आधी बोल, मग देते" म्हटलं की खेळ संपून परीक्षा सुरू होते, आणि ते पोरांना बरोबर कळतं.

तुम्ही पण एक झाकण घ्या. तिनं फिरवलं की तुम्ही फिरवा, तिनं थांबवलं की तुम्ही थांबवा. कधीतरी ती मान वर करून बघेल, ही बाई माझ्यासारखं का करायलीय म्हणून. तिथून पुढं पाळी सुरू करता येते, एकदा तिची, एकदा तुमची.

आणि सोलापुरात राहून खेळण्याला ४,२०० घातले हे वाचून जीव कळवळला. घरात चादर नाही का? पोराला चादरीत झोपवायचं, दोघांनी दोन-दोन टोकं धरायची, ओकटी, रेंडू (आमच्या घरच्या तेलुगूत एक, दोन) म्हणून थांबायचं. ते वाट बघतं, आपल्याकडं बघतं, मग मूडू (तीन) म्हणून झोका. आमच्या मुलाचा पहिला कामाचा शब्द याच खेळात आला, "चालु". मी माहेरची बार्शीची. मला वाटलं चालू कर म्हणतोय, आणखी जोरात हलवलं. तो भोकाड पसरला. सासूबाई आतून ओरडल्या, अगं तेलुगूत चालु म्हणजे पुरे! लेकरू स्पष्ट बोलत होतं, आईला कळत नव्हतं.

म्हणून सांगते, कन्नड बंद करू नका. दोन भाषांमुळं बोलणं लांबत नाही, बोलायला आधीच अडचण असलेल्या मुलांचंही नाही. मॅडमनी आम्हाला हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुमच्या मुलीच्या चार शब्दांतले दोन कन्नड आहेत की हो! त्यात "नको" म्हणायचा शब्द आहे, तो तर सोन्यासारखा जपा. सासूबाईंना आजच बोलतं करा. जी बाई तिच्याशी दिवसभर बडबड करू शकते तिलाच तुम्ही गप्प बसवलंय.

परातीत ज्वारी ओतून हात खुपसू द्या, वाटीनं मापू द्या. पण समोर बसून. दाणे नाकात-कानात घालतात. शेंगा फोडायला दिल्या तर बोटांना चांगलं, मात्र आतले दाणे आपण ठेवून घ्यायचे. एवढ्या लहानांच्या घशात अख्खा दाणा अडकतो.

काका, तुमचा मुलगा बोलला, आनंद आहे. पण हाकेला न बघणं ही उशिरा बोलण्यापेक्षा वेगळी गोष्ट आहे. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट म्हणून ऑटिझमची शंका तपासणारी २० प्रश्नांची यादी असते, त्यात नावानं हाक मारल्यावर बघतो का हे विचारलेलं आहे. मलाही "बोलेल, बोलेल" म्हणणारे पुष्कळ भेटले. त्यात माझं एक वर्ष गेलं.

दक्षिणसोलापूर_सेविका:
मी अंगणवाडीत आहे. ३ ते ६ वर्षांचं मूल, बोलो न बोलो, आमच्याकडं बसू शकतं. जवळच्या अंगणवाडीत नाव घाला. खर्च नाही, आणि बाकीची मुलं खेळताना तिला दिसतील. दिव्यांग मुलांना अंगणवाडीत कसं सामावून घ्यायचं याचा केंद्र सरकारचा प्रोटोकॉल, म्हणजे ठरवून दिलेली पद्धत, २०२३ मध्ये आलाय. सगळ्या ताईंना तो पाठ आहे असं म्हणणार नाही, पण "आमच्याकडं चालत नाही" असं कुणी म्हटलं तर पर्यवेक्षिकेला भेटा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. ही योजना २०१३ पासून आहे. त्यांना संशय आला तर जिल्ह्याच्या डीईआयसी केंद्राची (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं सरकारी केंद्र) चिठ्ठी देतात, पुढच्या तपासण्या मोफत. माता-बाल संरक्षण कार्ड आणि लसीकरणाची नोंद बरोबर ठेवा. आणि झाकण फिरवतानाचा, हाक मारतानाचा मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा. डॉक्टरांसमोर मुलं हमखास वेगळीच वागतात.

जुळेसोलापूर_आई:
सगळ्यांचे आभार. बेराची वेळ शुक्रवारची मिळाली.

काल संध्याकाळी मी आणि हे, दोघांनी चादर धरली. सासूबाई समोर बसून ओंदु, एरडु मोजत होत्या, खुशीत होत्या. मुलगी बोलली काहीच नाही. पण आम्ही थांबलो की चादरीतून उतरायची, माझा हात धरून टोकावर ठेवायची आणि परत आत जाऊन झोपायची. असं सात-आठ वेळा. आज सकाळपासून चादर ओढत घरभर फिरतेय. एका कडेला उसवायला लागलीय.

साखरपेठ_अम्मा:
सिंगल वापरली असणार. डबलची घ्या, आणि खाली गादी टाका. आमच्या पहिल्या दोन फाटल्या.