मदत हवी आहे : ग्रामसभेआधी बालसभा कशी घ्यावी?

नमस्कार मंडळी. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी गावातल्या मुलामुलींची बालसभा घ्यायची आहे. १८ पूर्ण नाहीत म्हणून त्यांना ग्रामसभेत मत नाही, पण ‘आमचा गाव, आमचा विकास’ आराखडा त्यांच्याही गावाचाच आहे ना! परवा नववीतल्या मुलीने वहीच्या पानावर शाळेच्या वाटेचा नकाशा काढून आणला. दिवे नसलेल्या तीन खांबांवर लाल फुल्या. बघून भरून आलं. मागच्या वेळी मुलांच्या मागण्या आम्ही तोंडीच सांगितल्या, प्रोसिडिंगमध्ये (सभेच्या इतिवृत्तात) एक ओळही आली नाही. यंदा तसं होऊ द्यायचं नाही. कुणी बालसभेचा ठराव ग्रामसभेत मंजूर करून घेतलाय का? ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) अर्ज किती आधी द्यावा? ठरावाचा नमुना असेल तर कृपया पाठवा.