पौरोहित्य करायचे नाही, तरीही धर्माचे पदव्युत्तर शिक्षण घ्यावे का? अमेरिकेतील पर्यायांविषयी सल्ला हवा

नदीकाठ:

नमस्कार. मी न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. वय 43, आणि गेली 18 वर्षे औषधकंपन्यांच्या संगणकप्रणालींचे काम करीत आहे. दोन वर्षांपूर्वी वडील इथल्या एका रुग्णालयात 19 दिवस होते. त्या काळात गळ्यात रुग्णालयाचे ओळखपत्र घातलेल्या एक बाई रोज दुपारी येऊन त्यांच्याजवळ बसत. त्या कोणत्या पंथाच्या हे मी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. बाबांना तुकोबांचे अभंग पाठ आहेत हे कळल्यावर मात्र त्या रोज एक अभंग म्हणायला लावीत आणि त्याचा अर्थ माझ्याकडून इंग्रजीत करवून घेत. त्या रुग्णालयाच्या चॅप्लेन, म्हणजे रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना मानसिक-आध्यात्मिक आधार देणाऱ्या, आहेत, आणि तो एक रीतसर पगारी व्यवसाय आहे, हे मला बाबा गेल्यानंतर समजले.

तेव्हापासून हा विचार डोक्यातून जात नाही. मला पौरोहित्य करायचे नाही, कीर्तनकार व्हायचे नाही, मंदिराच्या विश्वस्त मंडळावरही जायचे नाही. रुग्णालयात, महाविद्यालयात किंवा वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांना एकत्र आणणाऱ्या एखाद्या संस्थेत जबाबदारीने काम करता यावे, आणि त्यासाठी लागणारे शिक्षण रीतसर घ्यावे, असे वाटते. डिव्हिनिटी स्कूल आणि सेमिनरी, म्हणजे इथल्या धर्मशिक्षणाच्या संस्था, यांची माहितीपत्रके वाचली, पण एक वर्षाची, दोन वर्षांची आणि तीन वर्षांची पदवी यांत नेमका कशाचा फरक आहे ते उमगत नाही. ख्रिस्ती नसलेल्यांना प्रवेश मिळतो का? नंतर कुणी नोकरी देते का? मुलगी तीन वर्षांनी महाविद्यालयात जाईल, त्यामुळे नोकरी एकदम सोडणे शक्य नाही. ग्रीन कार्ड आहे, म्हणून व्हिसाची अडचण नाही.

मुक्काम पोस्ट:

मी बॉस्टनच्या परिसरात मास्टर ऑफ थिऑलॉजिकल स्टडीज केले आणि आता निर्वासितांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत आहे. प्रवेशाची चिंता करू नका. हार्वर्ड डिव्हिनिटी स्कूल 1816 पासून आहे आणि तिथे आज हिंदू, बौद्ध, मुस्लिम, ज्यू आणि कोणताच धर्म न मानणारे विद्यार्थीही एकाच वर्गात बसतात. बर्कलीच्या ग्रॅज्युएट थिऑलॉजिकल युनियनमध्ये हिंदू, जैन आणि बौद्ध परंपरांच्या अभ्यासाची स्वतंत्र सोय आहे. हार्टफर्डच्या जुन्या सेमिनरीने तर 2021 मध्ये नावच बदलून हार्टफर्ड इंटरनॅशनल युनिव्हर्सिटी फॉर रिलिजन अँड पीस असे घेतले, आणि मुस्लिम चॅप्लेन घडवण्याचे काम ती त्याच्याही पुष्कळ आधीपासून करीत आली आहे.

पदव्यांचा फरक मी माझ्या अनुभवावरून सांगतो. माझी दोन वर्षांची पदवी मुळात अभ्यासकाची आहे. भाषा, ग्रंथ, इतिहास आणि वादविवाद यांत ती मुरवून काढते, पुढे पीएच.डी. करायची असेल तर फार उपयोगी पडते, पण माणसाच्या खाटेशेजारी कसे बसावे हे ती शिकवत नाही. मास्टर ऑफ डिव्हिनिटी ही तीन वर्षांची पदवी मूळची पाद्री घडवण्यासाठीची. आता तिच्यातून शाळा, तुरुंग, रुग्णालये आणि सामाजिक संस्था यांच्याकडे जाणारे पुष्कळ असतात, आणि प्रत्यक्ष कामाचे तास अभ्यासक्रमातच धरलेले असतात. हार्वर्डने धर्म आणि सार्वजनिक जीवन या विषयाची एक वर्षाची पदवी काढली ती पत्रकार, वकील, डॉक्टर, प्रशासक अशा मुरलेल्या लोकांसाठी. ज्याला आपला व्यवसाय न सोडता त्याच व्यवसायाकडे धर्माच्या अंगाने पाहायचे आहे, त्याला ती शोभते. तुम्हाला व्यवसायच बदलायचा आहे, म्हणून त्या एका वर्षाच्या मोहात पडू नका असे मी म्हणेन. माहितीपत्रकातली फी पाहूनही लगेच बिचकू नका, कारण शिष्यवृत्ती वजा जाता हाती येणारा आकडा पुष्कळदा वेगळा असतो. तो लेखी मागून घ्या.

दिंडीवाला:

मी वयाने मोठा आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. आमच्या दिंडीत 300 माणसांना वाखरीपर्यंत सांभाळून नेणाऱ्या विणेकऱ्यांनी कोणती पदवी घेतली होती? माणसे सांभाळणे हे अंगी असावे लागते. त्यासाठी डॉलर मोजून तीन वर्षे घालवणे म्हणजे स्वतःची समजूत काढणे आहे. एखाद्या वृद्धाश्रमात आठवड्यातून दोन दिवस जाऊन बसा. कुणी अडवणार नाही.

ओसरी:

दिंडीवाले काका, आपले अर्धे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी हा लांबलचक प्रतिसाद लिहीत आहे. मी गेली नऊ वर्षे रुग्णालयात चॅप्लेन आहे. वृद्धाश्रमात जाऊन बसायला कुणी अडवत नाही हे खरे, पण अतिदक्षता विभागात मध्यरात्री अडवतात, आणि अडवायलाच हवे.

नदीकाठ, आपण पदवीपासून सुरुवात करीत आहात. माझा आग्रह असा की आधी क्लिनिकल पॅस्टोरल एज्युकेशनचे, म्हणजे चॅप्लेनच्या कामाचे रुग्णालयातच मिळणारे जे प्रशिक्षण आम्ही सी.पी.ई. म्हणून ओळखतो त्याचे, एक युनिट करावे. एका युनिटला किमान 400 तास लागतात. त्यांतले बहुतेक प्रत्यक्ष रुग्णांजवळ जातात आणि उरलेले पाच-सहा जणांच्या गटात, पर्यवेक्षकासमोर. नोकरी सांभाळून करता येईल असे, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी चालणारे युनिट बऱ्याच रुग्णालयांत असते. ही पद्धत 1925 च्या सुमारास मॅसॅच्युसेट्सच्या वूस्टर स्टेट हॉस्पिटलमध्ये अँटन बॉइसन यांनी सुरू केली. ते स्वतः त्याआधी तीव्र मानसिक आजाराने रुग्णालयात राहून आलेले होते, आणि पाद्री होणाऱ्यांनी पुस्तकांइतकेच बारकाईने जिवंत माणूस वाचायला शिकावे, असा त्यांचा आग्रह होता. मला ही गोष्ट नेहमीच विलक्षण वाटत आली आहे.

या शिक्षणाचा कणा म्हणजे व्हर्बेटिम. रुग्णाशी झालेले बोलणे आठवून शब्दशः लिहायचे, मधल्या शांततेसकट, आणि गटापुढे वाचायचे. माझ्या पहिल्या व्हर्बेटिममध्ये हृदयविकाराचे एक निवृत्त बसचालक होते. ते म्हणाले, "रात्री डोळा लागत नाही." मी विचारले, "नर्सला सांगितलंत का? गोळी देतील." मी हे मोठ्या समाधानाने वाचून दाखवले. पर्यवेक्षकांनी त्या दोन ओळींखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि शांतपणे विचारले, "त्यांच्या भीतीपासून तू कुठे पळालीस, हे तुला दिसते का?" घरी जाऊन मी रडले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांच्या खोलीत गेले. काकांच्या विणेकऱ्यांजवळ ही जाण उपजत असेल. माझ्याजवळ नव्हती. ती कुणीतरी रेघ मारून दाखवावी लागली.

आता नोकरीचे. प्रमाणित चॅप्लेन होण्यासाठी साधारणतः 72 क्रेडिटची पदव्युत्तर पदवी, सी.पी.ई.ची चार युनिट्स आणि आपल्या धर्मपरंपरेचे मान्यतापत्र लागते. म्हणूनच तीन वर्षांची मास्टर ऑफ डिव्हिनिटी सोयीची पडते. दोन वर्षांच्या पदवीवर अनेकांना कमी पडणारी क्रेडिट्स वेगळी जमवावी लागतात. एकापाठोपाठ एक युनिट्स सलग वर्षभर करवून घेणारी रेसिडेन्सी असते आणि तिला स्टायपेंड मिळतो, पण त्यावर घर चालेल असे समजू नका. मान्यतापत्राचा प्रश्न आपल्याकडे अवघड होतो, कारण हिंदूंचे एकच एक धर्मपीठ नाही. कुणाचे पत्र चालेल, ते प्रमाणन मंडळाकडून पहिल्याच वर्षी लेखी विचारून ठेवा. मी हे शेवटच्या वर्षावर टाकले आणि त्यात माझे आठ महिने गेले. वाट मात्र पूर्वीइतकी निर्मनुष्य नाही. प्रिन्स्टन विद्यापीठात 2008 पासून हिंदू चॅप्लेन आहेत, आणि अमेरिकी सैन्यदलाने 2011 मध्ये पहिली हिंदू चॅप्लेन नेमली.

एक प्रसंग सांगते. एका मराठी आजींना तोंडाने काहीही द्यायचे नाही, अशी पाटी खाटेवर लावलेली होती. मुलगा गंगाजलाची तांब्याची लोटी घेऊन दाराशी उभा होता, आणि नर्सला वाटले की तो नियम मोडायला निघाला आहे. दोघांचेही आवाज चढले होते. मी डॉक्टरांशी बोलले, ओठ ओलावण्याचा कापसाचा बोळा मागवला, आणि मुलाने दोन थेंबांत तो भिजवून आईच्या ओठांवरून फिरवला. नर्स तोपर्यंत पलीकडे आजींचा हात धरून उभी होती. मुलाला काय हवे आहे हे तिथे उभ्या असलेल्या कोणत्याही मराठी माणसाला कळले असते, परंतु डॉक्टरांपाशी ते कोणत्या भाषेत मांडायचे आणि नर्सचा मान राखून कसे घडवून आणायचे, हे मी शिकले होते. माहितीपत्रके ज्याला नेतृत्व म्हणतात, ते माझ्या कामात तरी बहुतेक वेळा एवढ्याच आकाराचे असते.

भांडारकर रस्ता:

पुण्याहून लिहीत आहे. हे सगळे आपल्याला परके आहे असा सूर वर उमटला, म्हणून एक आठवण करून देतो. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे 1901 मध्ये युनिटेरियन या उदारमतवादी ख्रिस्ती पंथाच्या मंडळींच्या शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माचा तौलनिक अभ्यास करण्यासाठी गेले. 1903 मध्ये परतल्यावर ते प्रार्थनासमाजाचे प्रचारक झाले खरे, पण त्या शिक्षणाचे खरे चीज झाले ते 1906 मध्ये स्थापन झालेल्या निराश्रित साहाय्यकारी मंडळीत, म्हणजेच डिप्रेस्ड क्लासेस मिशनमध्ये. शाळा आणि वसतिगृहे यांतून त्यांनी जे उभे केले, ते कोणत्याही उपासनामंदिराच्या चार भिंतींत मावणारे नव्हते. दिंडीवाले काकांना आक्षेप घ्यायचा असेल तर तो शिंद्यांपासून घ्यावा लागेल.

ज्यांना इथेच राहून अभ्यास करायचा आहे, त्यांच्यासाठी पुणे विद्यापीठाचा पाली व बौद्ध अध्ययन विभाग आणि मुंबईतील सोमय्या विद्याविहाराची धर्म अध्ययनाची संस्था हे दोन पर्याय आहेत. नदीकाठ यांच्या कामाचे ते नाहीत, पण धागा वाचणाऱ्या इतरांच्या उपयोगी पडावेत.

दिंडीवाला:

शिंद्यांचे नाव काढल्यावर मी काय बोलणार? ओसरीताई, त्या बोळ्याची गोष्ट सौभाग्यवतींना वाचून दाखवली. आमच्या आईच्या वेळी असे कुणी नव्हते. पदवीबद्दलचे माझे मत मात्र तसेच आहे.

नदीकाठ:

सर्वांचे आभार. काल घरापासून 25 मिनिटांवरच्या एका रुग्णालयात फोन केला. सप्टेंबरपासून आठवड्यातून दोन संध्याकाळी आणि एक शनिवार अशा वेळांचे युनिट आहे, आणि कार्यालयाला त्याची अडचण नाही. पदवीचे अर्ज मी वर्षभर बाजूला ठेवले आहेत. मान्यतापत्राबद्दल विचारणा करणारे पत्र मात्र आजच पाठवले. युनिटच्या अर्जासोबत स्वतःच्या आयुष्याविषयी काही पाने लिहून मागितली आहेत. बाबांच्या 19 दिवसांपाशी येऊन थांबलो आहे. ओसरीताई, हे किती खोलात लिहावे अशी त्यांची अपेक्षा असते? आणि रात्रपाळी पहिल्याच युनिटमध्ये असते का?

ओसरी:

रात्रपाळी असते, साधारण महिन्यातून दोनदा, पण ते रुग्णालयागणिक बदलते. लिहिण्याचे म्हणाल, तर मुलाखतीत ज्यावर प्रश्न विचारले तर उत्तर देता येईल, तेवढेच लिहा. बाबांजवळ बसणाऱ्या त्या चॅप्लेन बाईंचा परिच्छेद मात्र गाळू नका.